भाकरीवरचा आळ

भगिनींनो, हल्ली आपल्याकडे भाकरीवर मोठा आळ आला आहे. कोणाचे अंग सुटले की पहिला संशय भाकरीवर, दुसरा भातावर. पिष्टमय पदार्थ बंद केल्याशिवाय वजन उतरत नाही असे जो तो सांगतो. आपल्याच मंडळातील पाच-सहा जणींनी यंदा भाकरी अगदी वर्ज्य केली आहे. घरच्या मंडळींसाठी दुरडीभर भाकऱ्या थापायच्या आणि आपण मात्र काकडी खाऊन उठायचे, असे त्यांचे चालले आहे.

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा मी हाच विषय घ्यायचे ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, डॉक्टरी मला येत नाही. पण पंचवीस वर्षे भाकऱ्या थापल्या आहेत, तेव्हा त्यांच्या बाजूने चार शब्द बोलण्याचा हक्क मला आहे असे मी समजते. शिवाय एखाद्यावर आळ घ्यायचा तर त्याची मागची वर्तणूक पाहावी, ही आपल्या पंचांची जुनी रीत आहे. म्हणून शिरूर-दौंडच्या ताटात आजवर काय काय आले आणि काय गेले, हे पाहावे म्हटले. जुन्या गोष्टी थोरांना विचारल्या, आणि इंग्रजीत छापलेले कागद लेकीने वाचून मराठीत समजावून सांगितले.

माझे माहेर शिरूरकडचे, सासर दौंडकडचे. माहेरी बाजरी, सासरी शाळू. दोन्हीकडे पाऊस बेताचा. घोड आणि भीमा या नद्या असल्या तरी कालव्याचे पाणी येण्याआधी नदीकाठ सोडला की सगळी जिराईतच. अशा मुलखात माणसाने दुसरे काय खावे? सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, रात्री भाकरी. तिच्याबरोबर कधी हुलग्याचे माडगे, कधी मटकीचे कोरड्यास, कधी नुसता ठेचा आणि कांदा. भात सणाला किंवा आजाऱ्याला. गव्हाची पोळी होळीला, पोळ्याला आणि पाहुणा आला तर. म्हणजे आज ज्याला पिष्टमय आहार म्हणतात तो आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी जन्मभर खाल्ला. भाकरीनेच माणूस लठ्ठ होत असते, तर हा सारा मुलूख शंभर वर्षांपूर्वीच लठ्ठ व्हायला हवा होता.

तो झाला नाही. उलट काय झाले ते १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दिसले. तो दुष्काळ दख्खनवर आणि मद्रासेकडे फार कडक पडला. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, तळ्यांची कामे काढली. त्या कामांवरची मजुरी किती असावी हे पाहण्यासाठी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना १८७७ च्या आरंभी पाठविले. त्यांनी हिशेब बसविला की माणसाला रोजी एक पौंड धान्य पुरे. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. वर मीठमिरचीला थोडे पैसे. कित्येक ठिकाणी मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, गावोगावची हकीकत गोळा करून सरकारकडे लिहिली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीही या मजुरीवर कडाडून टीका केली. एवढ्यावर कष्टकरी माणूस जगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आणि त्या कामांवरची माणसे खरोखरच हाडांचे सापळे झाली.

आता यातला हिशेब नीट पाहा. साडेचारशे ग्रॅम धान्यात सुमारे दीड हजार उष्मांक असतात. आज वजन उतरविण्यासाठी बाईला साधारण बाराशे ते पंधराशे उष्मांकांचा आहार सांगतात. म्हणजे टेंपलसाहेबांची मजुरी आणि आजचा वजन उतरविण्याचा आहार हे जवळपास एकाच मापाचे! फरक एवढाच, की त्या मजुरांचे जवळजवळ सगळे अन्न धान्याचेच होते, म्हणजे पिष्टमय होते. तरी ती माणसे वाळली, कारण पोटात जात होते त्याहून अंगातून जास्त निघत होते. कोणाच्या उपासमारीवरून धडे काढणे मला बरे वाटत नाही. पण धान्य खाऊनही माणूस रोडावतो की नाही, हा प्रश्न आपल्या मुलखात फार वर्षांपूर्वी, फार कठोरपणे सुटलेला आहे.

दौंडहून मनमाडला जाणारी आगगाडी सुरू झाली ती त्याच सुमारास, १८७८ साली. पुढच्या दोन मोठ्या दुष्काळांत, १८९६-९७ आणि १९०० साली, पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून आणि गुजराथेतून उपाशी मुली आणून आपल्या केडगावला मुक्तिसदनात ठेवल्या. केडगाव स्टेशनावरून जाताना ती वास्तू आपण सगळ्या पाहतो. तिथे आलेल्या शेकडो मुलींना पहिल्या दिवशी हवे होते ते अन्न. त्यात पिष्ट किती आणि प्रथिने किती, हे विचारण्याची ऐपत त्या काळी कोणाची नव्हती. आपल्याला ती आली, हे भाग्यच म्हणायचे.

शेवटचा मोठा दुष्काळ १९७२ चा. तो आपल्या सासवांनी पाहिला आहे. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवऱ्या होत्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. रेशनवर परदेशातून आलेली मिलो म्हणून लाल ज्वारी मिळे. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे असे त्या अजून तोंड वाकडे करून सांगतात. कामावर सुकडी वाटत. दुष्काळातली ही कामेच पुढे रोजगार हमी झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. सासूबाईंची लग्नातली खणाची चोळी ट्रंकेत जपून ठेवलेली आहे. आज ती माझ्या तेरा वर्षांच्या पुतणीला होत नाही. आणि सासूबाई तेव्हा एका बैठकीला तीन भाकऱ्या खात, हे त्या स्वतःच सांगतात.

मग तीन भाकऱ्या जात कुठे होत्या? याचे उत्तर जात्यापाशी आहे.

पहाटे तीनला उठून दोघी जणी समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचे हात. मोठे घर असले तर पायलीभर दळण उजाडायच्या आत व्हायला हवे. मग पाणी. विहीर किंवा नदी, डोक्यावर दोन घागरी, काखेत कळशी, अशा चार-पाच खेपा. मग शेण, झाडलोट, न्याहारी, शेतावर जाऊन खुरपणी, येताना डोक्यावर सरपणाचा भारा. सुगीत मळणी, उफणणी. कांडप वेगळेच. धुणे दगडावर. यांतले एकेक काम गेले. पिठाची गिरणी आली तेव्हा जाते कोपऱ्यात गेले, आता ते लग्नात हळद दळण्यापुरते निघते. नळ आला, गॅस आला, मिक्सर आला. शेतावर ट्रॅक्टर आला आणि मळणीयंत्र आले. रांजणगावला आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती झाल्या, नवरे कामगार झाले आणि पुष्कळ घरांतली बाई शेतावरून घरात आली.

जाते परत आणा असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांनी ते ओढले त्यांना विचारा. जात्यावरच्या ओव्या गोड म्हणणाऱ्यांनी पहाटे तीनला उठून बघावे. माझे म्हणणे इतकेच, की काम निम्म्याहून कमी झाले आणि भाकऱ्या तीनच राहिल्या, तर दोष एकट्या भाकरीला कसा द्यायचा?

तरीही भाकऱ्या तीन राहिल्या नाहीतच. त्या कमीच झाल्या. वाढले ते दुसरे.

आधी पाणी आले. खडकवासल्याचा कालवा दौंडकडे जुनाच, इंग्रजी अमदानीतला. साठीच्या दशकात चिंचणीला घोड धरण झाले. पाण्यामागून ऊस आला. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना काढून दाखविला. पुढे आपल्याकडे पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा असे कारखाने उभे राहिले. केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे तर ठायी ठायी झाली. ज्या मुलखात पाहुण्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देणे हाच पाहुणचार होता, तिथे साखरेची पोती सभासदांच्या घरी येऊन पडू लागली. उसाने आपल्या मुलांची शिक्षणे झाली, घरे झाली, हे मी विसरत नाही. पण साखर घरात आली ती ताटातून आली नाही, कपातून आली.

चहाचा इतिहास गमतीचा आहे. चहा हे काही आपले जुने पेय नव्हे. १९०३ साली सरकारने चहावर एक लहानसा कर बसविला आणि त्या पैशातून लोकांना चहाची गोडी लावण्याचे काम सुरू झाले. स्टेशनांवर, बाजारांत, गिरण्यांत चहाचे ठेले लागले. शंभर वर्षांत आपण असे तयार झालो, की आता मयताला गेले तरी चहा, बारशाला गेले तरी चहा. मी आपल्या गल्लीतल्या चार घरांत सहज विचारले. बाईचे दिवसाला चार ते पाच कप होतात आणि कपाला दोन चमचे साखर.

तेलाचेही तसेच. आमच्या आजीच्या घरी घाण्यावरचे करडईचे तेल येई, आणि ते पळीने नव्हे, बोटाने मोजून वापरीत. १९३७ साली बाजारात डालडा आला. पुढे पिशवीतली तेले आली, मग डबा आला. आता पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल सहज जाते आणि शेजारीण म्हणते, आमच्याकडे सहा लागते.

मी घरच्या काट्यावर मोजून पाहिले, लेकीने उष्मांकांचा हिशेब केला. माझी एक मध्यम भाकरी ७५ ग्रॅम पिठाची होते. तिच्यात २६० च्या आसपास उष्मांक. पाच कप चहातली दहा चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम, तिचे २०० उष्मांक, दूध वेगळे. महिन्याला माणशी एक लिटर तेल म्हणजे रोजचे सुमारे ३० ग्रॅम, त्याचे २७०. साखर आणि तेल मिळून ४७० झाले. म्हणजे पावणेदोन भाकऱ्यांहून थोडे अधिकच, आणि ते चावावेही लागत नाहीत, पोट भरल्यासारखेही वाटत नाही. टोस्ट, खारी, बिस्किटपुडा, बाजारच्या दिवशीचा वडापाव आणि मुलांनी टाकलेले पोह्यांचे चार घास मी यात धरलेलेच नाहीत. जी भगिनी भाकरी सोडते आणि चहा सोडत नाही, तिने चोर सोडून संन्याशाला धरले आहे. साखर हाही कर्बोदकांचाच प्रकार आहे, आणि तीच सोडायला सोपी.

आता शास्त्राकडे वळते. यात आपल्या भागाचा संबंध जवळचा आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉक्टर बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने आपल्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला खेड्यांसाठी आरोग्याचे मोठे काम उभे केले. बानूबाईंना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच १९९३ साली त्याच रुग्णालयाचे मधुमेहाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळची सहा खेडी घेऊन एक मोठा अभ्यास सुरू केला. खेड्यांतल्या तरुण बायांची उंची, वजन, खाणे, काम हे सगळे गरोदरपणाआधीपासून टिपून ठेवायचे आणि पुढे बाळ जन्मले की त्याचेही माप घ्यायचे, असा तो अभ्यास. आठशेच्या जवळपास बाळंतपणे त्यात पाहिली गेली.

त्या आयांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. रोजचे खाणे अठराशे उष्मांकांच्या आसपास आणि बहुतेक सगळे धान्याचे. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडात साऊदम्टन येथल्या बाळांचे ३.५ किलो. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या बाळांचे हातपाय बारीक, पोट लहान, मांस कमी. पण पाठीवर कातडीखालची चरबी मोजली तर ती वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचे. २००३ साली हे छापून आले तेव्हा जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली.

याच अभ्यासातून आणखी दोन गोष्टी निघाल्या, त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. ज्या आया पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेत त्यांची बाळे चांगल्या वजनाची झाली. आणि ज्यांना गरोदरपणी शेतातले, पाण्याचे काम जास्त पडे त्यांची बाळे लहान झाली. जात्याच्या आणि घागरींच्या बढाया मारणाऱ्यांनी हे ऐकावे.

पुढे २००४ साली याज्ञिकांनी स्वतःचे आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघेही शेलाटे. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१ टक्के! काट्यावरचा आकडा किती फसवा असतो ते यावरून समजावे. आपल्या लोकांच्या अंगात मुळातच मांस कमी आणि चरबी जास्त. तेव्हा भाकरी सोडून नुसत्या काकडीवर राहिले तर वजन उतरते खरे, पण चरबीबरोबर मुळातच थोडे असलेले मांसही जाते. अशी बाई बारीक दिसते आणि जिना चढताना धापा टाकते.

भाकरी सोडण्याची कल्पना आपली नाही, ती विलायतेची आणि चांगली जुनी आहे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता. (इन्शुलिन शोधणारे ते बँटिंग वेगळे.) धंदा प्रेतयात्रेचे सामान पुरविण्याचा, घराणे राजघराण्याच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे. साठी उलटल्यावर तो इतका लठ्ठ झाला, की वाकून बुटाची नाडी बांधता येईना. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड. डॉक्टर हार्वे यांनी त्याला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडायला सांगितले. वर्षभरात त्याचे ४६ पौंड उतरले. १८६३ साली त्याने स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि ती इतकी गाजली, की इंग्रजीत वजन उतरविण्याला त्याच्याच नावाचे क्रियापद झाले. मजा अशी, की त्या बँटिंगच्या न्याहारीलाही कोरड्या टोस्टचा एक तुकडा असेच. पुढे १९७२ साली, आपल्याकडे बाया खडी फोडीत होत्या त्याच वर्षी, अमेरिकेत डॉक्टर ॲटकिन्स यांनी हीच गोष्ट नव्या पुस्तकात सांगितली आणि लाखो लोकांनी पाव सोडला.

पण याच्या अगदी उलटेही झालेले आहे, ते कोणी सांगत नाही. जर्मनीतून अमेरिकेत आलेले डॉक्टर केंपनर यांनी १९३९ पासून मूत्रपिंडाच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांना चक्क भात, फळे आणि साखर यांवर ठेवले. जवळजवळ सगळा आहार कर्बोदकांचा. रोग्यांची वजने उतरली. १९७५ साली त्यांनी १०६ अतिलठ्ठ रोग्यांची हकीकत छापली. त्यांतल्या प्रत्येकाचे निदान ४५ किलो वजन कमी झाले होते, आणि तेही भातावर! अर्थात मापाचा भात, रोजचे चालणे आणि डॉक्टरांचा कडक पहारा हे होतेच. घरी कोणी करून पाहू नये.

एकाने पाव सोडून वजन उतरविले, दुसऱ्याने भात घालून. मग खरे काय? हे पाहण्यासाठी अमेरिकेत मोठ्या परीक्षा झाल्या. २००९ साली ८११ माणसांची हकीकत छापली गेली. त्यांना चार प्रकारचे आहार दिले होते. कोणाला कर्बोदके पुष्कळ, कोणाला थोडी, पण सगळ्यांचे उष्मांक कमी केलेले. दोन वर्षांनी पाहिले तर चारी गटांत वजन सारखेच उतरलेले. २०१८ साली ६०९ जणांची आणखी एक परीक्षा झाली. वर्षभर काहींनी स्निग्ध पदार्थ कमी केले, काहींनी कर्बोदके. पहिल्यांचे सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्यांचे ६ किलो, आणि हा फरक मोजण्यासारखा नाही असे परीक्षकांनीच लिहिले. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि कारखान्यातले तयार पदार्थ टाळायला आणि भाजी भरपूर खायला सांगितलेले होते. कर्बोदके सोडणाऱ्यांचे पहिल्या पंधरवड्यात वजन झपाट्याने उतरते, हे मात्र खरे आहे. पण त्यात पाण्याचा भाग मोठा असतो, कारण शरीरात साठविलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरलेले असते. पुन्हा दोन दिवस भाकरी खाल्ली की ते पाणी परत येते, आणि बाईला वाटते, पाहा, भाकरीने वजन वाढले!

आपल्या महाराष्ट्रातही २०१८ च्या सुमारास यावर चांगलीच खडाजंगी झाली. डॉक्टर श्रीकांत जिचकार यांची व्याख्याने ऐकून लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळच जेवायचे, तेही ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज पाऊण तास चालायचे, असा मार्ग सांगितला. ऋजुता दिवेकर यांनी त्याच्या उलट, थोडे थोडे वेळच्या वेळी खा, घरचे वरण-भात-तूप आणि आपल्या मुलखातले धान्य सोडू नका, असे सांगितले. घरोघर दोन तट पडले. नणंद दीक्षितांची तर भावजय दिवेकरांची! पण दोघांचेही म्हणणे नीट ऐकले तर भाकरी कायमची बंद करा असे त्यांत कोणीच म्हटलेले नाही. दीक्षितांच्या जेवणातही शेवटी नेहमीची भाजी-भाकरी आहेच. आपल्याकडे मात्र दोघांचेही ऐकून न ऐकल्यासारखे झाले आणि "भाकरी बंद" एवढेच कानी राहिले.

भाकरीची बाजू घेतली म्हणून ती हवी तितकी खावी असे मी म्हणत नाही. आपल्या ताटात धान्य फार आणि कडधान्य थोडे, हा दोष जुनाच आहे. देशभरच्या एका मोठ्या पाहणीत आपल्या लोकांचे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात असे आढळले, ते २०२५ साली छापून आले आहे. त्यातच असेही निघाले, की एकूण धान्य तेवढेच ठेवून नुसते मैदा-तांदळाच्या जागी भरडधान्य आणले, तर मधुमेहाचा धोका कमी होत नाही. २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले तेव्हा बाजरीचे लाडू, बाजरीचे केक यांच्या पाककृतींना ऊत आला होता. बाजरीचा केक हा केकच. तीन भाकऱ्यांच्या जागी दीड भाकरी आणि उरलेल्या जागी मटकीची उसळ, पिठले, अंडे, ताक, मेथी असे केले, तर त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांना धान्य कमी केल्याचा विशेष उपयोगही होतो. पण यात एक अडचण आहे आणि ती बाईलाच कळेल. भाकरी सोडली तर तिच्या जागी आलेले अंडे, पनीर, बदाम पैशाने येतात. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, अंडी मिळत नाहीत. घरात आणलेले अंडे आधी मुलाच्या ताटात जाते, मग त्याच्या वडिलांच्या. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरी होती, तीही तिने सोडली म्हणजे उरले काय?

२०१९ ते २०२१ मधल्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. सुमारे पाचात एक बाई हवी त्यापेक्षा कृश, आणि जवळजवळ चारात एक हवी त्यापेक्षा जाड. म्हणजे आपण मंडळात सतरंजीवर बसतो तेव्हा शेजारी शेजारी दोघी बसलेल्या असतात. एकीला कमी खायला हवे, दुसरीला जास्त. आणि "भाकरी बंद" हा सल्ला फोनवर दोघींनाही एकाच दिवशी येतो.

आणखी एक गोष्ट फार गंभीर आहे. जी भगिनी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेते, तिने डॉक्टरांना न विचारता भाकरी-भात एकदम बंद केला तर रक्तातली साखर एकाएकी खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते, शुद्धही हरपते. गेल्या उन्हाळ्यात आपल्या आळीतल्या एक बाई अशाच गिरणीच्या दारात कोसळल्या होत्या. कोणीतरी प्रसंगावधान राखून साखरपाणी दिले म्हणून निभावले. त्यांनी गोळी घेतली होती आणि जेवण सोडले होते. अशा भगिनींनी आधी डॉक्टरांकडून गोळीचे माप ठरवून घ्यावे, मगच भाकरीचे.

जाता जाता एक सांगते. आपल्याकडच्या बायांनी वजनापेक्षा कमरेचा घेर पाहावा असे तज्ज्ञ सांगतात. तो ८० सेंटीमीटरच्या आत असावा. उपकेंद्रातल्या ताईंनी पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मंडळात येऊन सर्वांचे रक्त तपासण्याचे कबूल केले आहे, तेव्हाच घेरही मोजून वहीत लिहून ठेवू. मापाची फीत शिवणवर्गाच्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे आहे.